हँड ब्लेंडर: कशाला चालतो, कशाला नाही

छोटा_ओटा:
नमस्कार मंडळी. इंदुरात दोन माणसांचं स्वयंपाकघर लावायचं आहे. ओटा लहान आहे, मिक्सर कायमचा मांडून ठेवला तर पोळ्या लाटायला जागा उरत नाही. फक्त हँड ब्लेंडरवर भागेल का? रोजचं काम: वरण, ताक, कढी, टोमॅटोचं सार, पालकाची पातळ भाजी, पोह्यांबरोबर किंवा कचोरीबरोबर हिरवी चटणी. उन्हाळ्यात आमरस. सणाला पुरण आणि श्रीखंड. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस. महाराणी रोडवर २५० वॅटपासून १००० वॅटपर्यंतचे ब्लेंडर दाखवतात. जास्त वॅटचा घेतला तर मिक्सरची सगळी कामं होतात, असं दुकानदार सांगतात. जाणकारांनी नेमकं सांगावं.

रवीवाली:
वॅटचं नंतर बघू, आधी ही कसोटी लक्षात ठेवा. पातेल्यातल्या पदार्थात पळीने एक रेघ ओढायची. ती दोन-तीन सेकंदांत आपोआप भरून आली तर ब्लेंडर चालतो. तशीच राहिली तर चालत नाही, मग मोटर कितीही मोठी असो.

कारण असं. मिक्सरचं भांडं बंद असतं, त्याच्या भिंती आणि झाकण उडालेलं वाटण पुन्हा पात्यावर आणून टाकतात. ब्लेंडरचं पातं जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचं आणि टोपीखाली झाकलेलं. पातं फिरलं की पदार्थ टोपीत ओढला जातो आणि बाजूच्या खाचांतून बाहेर फेकला जातो. ही ये-जा चालू राहायला पदार्थ वाहता हवा. घट्ट असेल तर पात्याभोवती पोकळी तयार होते, पातं त्या पोकळीत फिरत राहतं आणि बोटभर अंतरावरचा गोळा जागचा हलत नाही. मोटरचा आवाज एकदम चढला आणि पदार्थ मात्र हलेना, म्हणजे पोकळी झाली समजा. बंद करून ब्लेंडर उचला, दोन चमचे पाणी घाला, जागा बदला.

तुमच्या यादीतलं वरण, ताक, कढी, सार आणि पालक या कसोटीत पास. चटणी काठावर. पुरण आणि श्रीखंड नापास, पण दोघांची कारणं वेगळी आहेत. ती खाली लिहिते.

तांब्याची_तार:
मोटरचं मी सांगतो. हातातल्या भागात बहुधा कार्बन ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर असते. भार वाढला की तिचा वेग पडतो आणि ती करंट जास्त ओढते. तिला थंड ठेवणारा पंखा मोटरच्याच आसावर बसवलेला असतो, म्हणजे वेग पडला की वाराही कमी. उष्णता वाढते आणि थंडावा घटतो, दोन्ही एकाच वेळी. घट्ट पदार्थात ब्लेंडर जळतो तो या कारणाने.

म्हणून घट्टसर पदार्थ कमी वेगावर बराच वेळ फिरवणं ही सगळ्यात वाईट सवय. सुरुवातीचे दोन सेकंद शिंतोडे उडू नयेत म्हणून कमी वेग, मग सरळ पूर्ण वेग, पण ८-१० सेकंदांचे टप्पे घेत.

पाठीमागच्या पट्टीवर ‘केबी १ मिनिट’ असं काही छापलेलं असतं. सलग किती वेळ चालवायचा त्याची ती मर्यादा. १ मिनिट लिहिलं असेल तर १ मिनिट चालवून तीन-चार मिनिटं विश्रांती द्यायची. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० च्या वर असतो, तेव्हा विश्रांती थोडी जास्तच द्या, कारण आत ओढली जाणारी हवाच गरम असते. वॅटचा आकडा पाहताना पट्टीवर ही वेळ किती दिली आहे तेही पाहा. ८०० वॅट आणि ३० सेकंद यापेक्षा ४०० वॅट आणि १ मिनिट घरच्या कामाला बरा. डब्यावरचा मोठा आकडा बऱ्याचदा मोटर क्षणभर ओढू शकते त्या शक्तीचा असतो.

मालवी_थाळी:
रवीवालीताई, पुरण नापास का? चण्याची डाळ तर बोटाने चिरडेल इतकी शिजलेली असते.

रवीवाली:
डाळ मऊ असते, पण पुरण वाहत नाही. गूळ घालून आटवलेल्या पुरणात पळी उभी राहते, तीच त्याच्या तयारीची खूण. रेघेची कसोटी तिथेच संपली. शिवाय गुळाचा पाक पात्याच्या बुशात (पात्याचा आस ज्या कड्यात फिरतो त्यात) शिरतो, थंड झाल्यावर घट्ट बसतो आणि पुढच्या वेळी पातं हाताने फिरवायलाही जड जातं.

ब्लेंडरच वापरायचा असेल तर एकच वेळ आहे, ती म्हणजे गूळ घालण्याआधी. १ वाटी चणाडाळ, ३ वाट्या पाणी, कुकरला मऊ शिजवा. वरचं पाणी कटाच्या आमटीसाठी काढा, पण डाळ बुडेल एवढं ठेवा. उभ्या भांड्यात १०-१० सेकंद असं तीन वेळा फिरवा, मग गूळ घालून आटवा. यात दोन तोटे. पाणी ठेवल्यामुळे आटवायला वेळ लागतो, आणि न शिजलेला एखादा दाणा राहिलाच तर तो अख्खा राहतो आणि पोळी लाटताना फाडतो. पुरणयंत्रात तो दाणा जाळीवर अडकतो. म्हणून पुरणयंत्रच घ्या. त्याला वीज लागत नाही आणि डब्यात मावतं.

सायसाखर:
श्रीखंडाबद्दल. इथे मोटरला काही होत नाही, बिघडतो तो चक्का. दह्याचं विरजण म्हणजे प्रथिनांची जाळी, तिने पाणी धरून ठेवलेलं असतं. वेगवान पातं ती जाळी तोडतं आणि धरलेलं पाणी सुटतं. साखर मिसळली की आणखी पातळ. अर्ध्या मिनिटात श्रीखंड वाटीत ओतता येईल असं होतं आणि फ्रिजमध्ये ठेवूनही पहिल्यासारखं आळत नाही.

५०० ग्रॅम चक्क्याला ४०० ग्रॅम साखर (चक्का फार आंबट नसेल तर ३५०), दोन्ही कालवून अर्धा तास झाकून ठेवा, साखर विरघळते. मग पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून किंवा पिठाच्या चाळणीतून घासून काढा. तुमच्याकडे पुरणयंत्र येणारच आहे तर हेही काम त्यातच.

इंदुरी शिकंजी (आटवलेलं दूध आणि मठ्ठ्याची) करणार असाल तर तिथे ब्लेंडर चालतो, पण क्रम सांभाळा. आटवलेलं दूध पूर्ण गार हवं. कोमट दुधात आंबट मठ्ठा पडून वर पातं फिरलं की कण धरतात. आधी मठ्ठा एकटा रवीने सारखा करा, त्यात गार दूध थोडं थोडं घाला, शेवटी ५ सेकंद ब्लेंडर. बदाम-पिस्ते सुरीने कापून वरून. सुका बदाम ब्लेंडरखाली चिरला जात नाही, टोपीवर आपटून उडतो.

पाटा_वरवंटा:
हिरवी चटणी काठावर आहे म्हणता ते बरोबर, पण तंत्र जमलं तर रोजच्यापुरती होते. रुंद वाटीत करू नका. ब्लेंडरच्या टोपीपेक्षा बोटभरच रुंद असा उभा पेला घ्या, बहुतेक ब्लेंडरबरोबर मिळतो. तळाशी ४ चमचे पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस, त्यावर मिरच्या, मीठ, जिरं, सगळ्यात वर कोथिंबीर. पाणी तळाशी असल्यामुळे पात्याला लगेच काहीतरी वाहतं मिळतं. कोथिंबीर देठांसकट १ सेंटिमीटर चिरून घालायची. लांब देठ कापले जात नाहीत, पात्याच्या बुडाशी गुंडाळले जातात, मग पातं जड फिरतं आणि वास येतो. आल्याचंही तसंच, धाग्यांना आडव्या पातळ चकत्या करा.

शेंगदाणे घालायचे असतील तर अर्धा तास गरम पाण्यात भिजवून. ओलं खोबरं घालून दक्षिणी पद्धतीची चटणी मात्र ब्लेंडरवर नाही. खोबऱ्याचा रवाळपणा जात नाही, खाताना चोथा लागतो. खोबरं बारीक व्हायला ते पुन्हा पुन्हा पात्यावर यावं लागतं, मिक्सरच्या बंद भांड्यात ते येतं. ब्लेंडरखाली येत नाही.

याच कारणाने इडली-डोशाचं पीठही नाही. भिजलेले तांदूळ पात्याखालून निसटतात, आणि ते पकडायच्या नादात मोटर तापते. उडीद एकवेळ फुगतो, तांदूळ कणीदारच राहतो. सुका मसाला, साखरेची पिठी, कॉफीच्या बिया, हळकुंड, बर्फाचे मोठे खडे हे सगळं याच यादीत. बरोबर मिळणाऱ्या छोट्या चॉपरच्या भांड्यात कांदा, गाजर, पनीर, भाजलेले दाणे एवढं होतं. दाण्याचा कूट २-२ सेकंदांच्या झटक्यांत, भांडं हलवत. सलग दाबून ठेवलं तर दाण्याला तेल सुटतं आणि कूट भिंतीला लिंपला जातो.

मालवी_थाळी:
मग भुट्ट्याचा कीस या चॉपरमध्ये करता येईल ना?

पाटा_वरवंटा:
होतो, पण पोत वेगळा येतो. किसणीवर कणीस किसलं की दाण्याचं दूध आणि गर निघतो, साल बरीचशी कणसालाच राहते. त्यामुळे कीस तुपात मऊ, एकसंध शिजतो. चॉपरमध्ये साल गरातच कापली जाते. करायचाच असेल तर दाणे सुरीने उतरवा, एका वेळी १ वाटी, २ सेकंदांचे चार-पाच झटके, मध्ये झाकण उघडून कडेचं खाली ओढा. पुढे नेहमीसारखं तूप, जिरं, हिंग, मिरची, कीस परतून मग दूध. सालीमुळे दूध थोडं जास्त लागतं आणि झाकण ठेवून पाच मिनिटं जास्त शिजवावं लागतं. कच्च्या दाण्यांत थेट ब्लेंडरचा दांडा घालू नका, दूध अंगावर उडतं आणि अर्धे दाणे अख्खे राहतात. चार कणसांसाठी किसणीच सोपी, धुवायलाही.

रवीवाली:
आता ब्लेंडर जिथे खरोखर उपयोगी आहे तिकडे येते.

गरम सार किंवा सूप हे त्याचं पहिलं काम. उकळतं सार बंद मिक्सरमध्ये फिरवलं की आतली वाफ एकदम फुगते, झाकण उडतं आणि हात भाजतो. ब्लेंडर उघड्या पातेल्यात चालतो, वाफेला जायला वाट असते. पण दांडा स्टीलचा हवा. प्लॅस्टिकचा दांडा कोमट पदार्थांपुरता ठेवा. गॅस बंद करून पातेलं ओट्यावर उतरवा, नाहीतर वायर बर्नरवर जाते. टोपीच्या खाचा पूर्ण बुडतील एवढी खोली हवी, निदान ५ सेंटिमीटर. त्यापेक्षा कमी असेल तर पातेलं एका बाजूला कलतं करा. आधी ब्लेंडर बुडवायचा आणि मग बटण दाबायचं. काढताना आधी बटण सोडायचं, पातं थांबू द्यायचं आणि मग वर उचलायचं. भिंतीवर आणि अंगावर शिंतोडे दिसले की हा क्रम चुकलेला असतो.

टोपी तळाला चिकटवू नका. तळ ओढला जातो आणि ब्लेंडर तिथेच धरून राहतो. थोडा तिरका धरा म्हणजे सुटतो. नॉनस्टिक पातेल्यात स्टीलची टोपी घासली की थर निघतो, म्हणून स्टीलच्या पातेल्यात फिरवा.

टोमॅटो सालीसकट फिरवले तर सालीच्या बारीक सुरळ्या राहतातच, सार गाळून घ्या. न शिजवलेले टोमॅटो फिरवले की गुलाबी फेस येतो. तो हवेचा असतो, उकळल्यावर जातो.

पालक: २५० ग्रॅम, उकळत्या पाण्यात २ मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग पिळून दोन बोटं रुंदीचे तुकडे करून फिरवायचा. अख्खी पानं घातली तर देठांच्या दोऱ्या पात्याला गुंडाळतात.

वरण: कुकरमधून काढल्यावर हवं तेवढं पाणी घालून ३ सेकंद, थांबून पुन्हा ३ सेकंद. यापेक्षा जास्त फिरवलं की फेस येतो आणि वरण चिकट लागतं. दाल-बाफल्यांच्या डाळीला तर एकच झटका, ती दाणेदारच हवी.

कढीला ब्लेंडर फार छान. १ वाटी आंबट दही, दीड चमचा बेसन, ३ वाट्या पाणी, गार असतानाच १० सेकंद. एक गुठळी राहत नाही. फेस खाली बसेपर्यंत पाच मिनिटं ठेवून मग गॅसवर, नाहीतर फेसासकट उतू जाते.

ताकाला सायीचं दही असेल तर १०-१२ सेकंदांवर थांबा. पुढे लोण्याचे कण धरतात. पिताना ते नको असतील तर रवीच बरी.

सायसाखर:
लोणी मुद्दाम काढायचं असेल तर पात्याने काढू नका, लोणी टोपीत जाऊन बसतं आणि बोट घालून काढावं लागतं. तारेचा फेटणा लावा. विरजलेली साय गार हवी. उन्हाळ्यात त्यात बर्फाचे चार तुकडे आणि वाटीभर गार पाणी घालून मगच फिरवा. गरम साय कितीही घुसळली तरी लोणी पातळ राहतं आणि ताकातून वेगळं होत नाही.

केकसाठी क्रीम फेटायचं असेल तर पाकिटावर स्निग्धांश पाहा. ३० टक्क्यांच्या वर असेल तरच ते फुगून उभं राहतं. बाजारातलं २५ टक्क्यांचं साधं ताजं क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. अंड्याचा पांढरा भागही फेटण्यानेच फुलतो, पात्याने नाही. पातं हवा जेवढी भरतं तेवढीच फोडतं.

छोटा_ओटा:
मनापासून आभार. बटाट्याचं कोणी सांगेल का? पावभाजीत आणि भरीत करताना वापरता येईल?

रवीवाली:
उकडलेल्या बटाट्यात अजिबात नको. बटाट्याच्या पेशींत शिजलेला स्टार्च असतो. चमच्याने किंवा मॅशरने कुस्करलं तर पेशी एकमेकींपासून सुटतात, फुटत नाहीत. पातं त्या फोडतं, स्टार्च बाहेर येतो आणि खळीसारखा लगदा होतो. मग दूध-लोणी घालूनही तो सुधारत नाही. पावभाजीत फ्लॉवर, मटार, गाजर, टोमॅटो हे आधी ब्लेंडरने दोन झटके, बटाटा शेवटी मॅशरने. वांग्याच्या भरताला काटा पुरे. ब्लेंडरने बिया फुटतात आणि भरत कडसर लागतं.

मालवी_थाळी:
आमरस राहिला.

पाटा_वरवंटा:
आमरसाला उत्तम. फक्त कोयीजवळचा गर हाताने पिळून घ्या, कोय भांड्यात पडू देऊ नका, पातं वाकतं. केसर, बदाम, दशहरी हे आंबे १५ सेकंदांत होतात. रेषा असलेल्या आंब्यांचा रस मात्र आधी चाळणीतून काढा, त्या रेषा पात्याला गुंडाळतात. बाठे पिळून केलेला रस थोडा जाडसर राहतो, ब्लेंडरचा गुळगुळीत. कोणता आवडतो ते घरच्यांना विचारा.

तांब्याची_तार:
अंड्याशिवायचं मेयोनीज ब्लेंडरवर जितकं खात्रीने होतं तितकं मिक्सरवर होत नाही, तेही लिहून ठेवतो. १०० मिलि सायीचं दूध, २०० मिलि सोयाबीनचं किंवा सूर्यफुलाचं तेल, अर्धा चमचा मोहरीची पूड, मीठ. दूध आणि तेल दोन्ही सारख्याच तापमानाचं. उभ्या पेल्यात सगळं ओता, टोपी तळाला टेकवा, पूर्ण वेग, आणि १५ सेकंद अजिबात हलवू नका. तळाशी पांढरं घट्ट दिसायला लागलं की हळूहळू वर उचला, वरचं तेल आत ओढलं जातं. लिंबाचा रस शेवटी घाला. लगेच वर-खाली केलं तर तेल एकदम आत शिरतं, दुधात त्याचे बारीक थेंब होत नाहीत आणि मिश्रण फाटतं.

सायसाखर:
माळव्यात सोयाबीन घरोघरी असतो म्हणून सोयाबीनच्या दुधाचंही सांगते. भिजवलेले कच्चे दाणे ब्लेंडरखाली नुसते उड्या मारतात. १०० ग्रॅम दाणे रात्रभर भिजवा, साल चोळून काढा, मग उकळत्या पाण्यात २० मिनिटं शिजवा. शिजवल्याने दाणे मऊ होतात आणि कच्चट वासही कमी होतो. ८०० मिलि गरम पाण्यात टप्प्याटप्प्याने फिरवा, मलमलच्या फडक्यातून गाळा, पुन्हा १० मिनिटं उकळा. फेस प्रचंड येतो, भांडं दुप्पट मोठं घ्या.

छोटा_ओटा:
म्हणजे ब्लेंडर, पुरणयंत्र आणि किसणी यात माझं भागेल? आणि टिकायला काय पाहायचं?

तांब्याची_तार:
तुमच्या यादीत खोबऱ्याचं वाटण, डोसा आणि सुका मसाला नाही, त्यामुळे भागेल. मसाला चक्कीवर दळून आणा. ती तीन कामं सुरू झाली की मिक्सर लागेलच, तेव्हा जास्त वॅटचा ब्लेंडर घेऊन उपयोग नाही.

घेताना दांडा सुटा होणारा आणि स्टीलचा, टोपीच्या खाचा मोठ्या, चार पंखांचं पातं. दुकानातच विचारा की जोडणीचा तुकडा, म्हणजे कपलर, सुटा मिळतो का. सगळ्यात आधी झिजतो तो हाच. मोटर फिरते आणि पातं फिरत नाही किंवा अडकत फिरतं, तर कपलर गेला. नायलॉनचा असतो, बदलणं सोपं. मोटरच्या जाळीतून ठिणग्या मोठ्या दिसू लागल्या आणि वेग कमी-जास्त व्हायला लागला तर कार्बन ब्रश झिजलेत, तेही बदलता येतात. चालता चालता अचानक बंद पडला तर अर्धा तास ठेवून द्या. आत तापमानाचं कटआऊट असेल तर तो पुन्हा सुरू होतो. एकदाच उडणारा फ्यूज असेल तर कारागिराकडे न्यावा लागेल. वायर हातापाशी मुरगळून गुंडाळू नका, ती आतून तिथेच तुटते.

रवीवाली:
धुण्याचं: काम झाल्या झाल्या उभ्या पेल्यात कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब, १० सेकंद चालवा, मग स्वच्छ पाण्यात पुन्हा. हळदीचा पदार्थ तासभर वाळू दिला तर प्लॅस्टिक पिवळं पडतं ते सहज जात नाही. पात्याला गुंडाळलेले धागे काढायचे तर आधी प्लग काढायचा, बटण सोडणं पुरेसं नाही. बटण मुठीतच असतं आणि चुकून दाबलं जातं. मोटरचा भाग ओल्या फडक्याने फक्त पुसायचा. चॉपरच्या झाकणात आणि फेटण्याच्या मुठीत गिअर असतात, त्यामुळे तीही नळाखाली धरायची नाहीत.

तांब्याची_तार:
एक महत्त्वाचं राहिलं. पदार्थात काळपट तेलकट डाग दिसला तर तो दांड्यातल्या ग्रीसचा असतो. तळाचं सील गेलं की अन्न आत आणि ग्रीस बाहेर येतं. तो पदार्थ टाकून द्या आणि दांडा बदलल्याशिवाय ब्लेंडर वापरू नका. ग्रीस पुसून पुन्हा वापरला तरी सील दुरुस्त होत नाही, आणि आत गेलेलं अन्न तिथेच आंबत राहतं. नवा दांडा मिळत नसेल तर तो ब्लेंडर बाद. आपल्याकडे इंदुरात कचऱ्याच्या गाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, त्यात द्या, सुक्या कचऱ्यात टाकू नका.